डाव्या हाताचे कंगोरे

धुरपताबाईच्या गोधडीला पिंगळीत कोणी नावं ठेवलीत असं कधी झालं नव्हतं, आणि धुरपताबाईनं दुसऱ्या बाईच्या गोधडीला चांगलं म्हटलंय असंही कधी झालं नव्हतं. गावाला दोन्हीची सवय होती. बारसं असो, लेक सासरी जायची असो, घरातलं म्हातारं माणूस अंथरुणाला खिळलेलं असो, लोक जुनी लुगडी-धोतरं गाठोड्यात बांधून तिच्या ओसरीवर आणून टाकायचे आणि मुकाट्यानं तिची बोलणी खायचे. "हे लुगडं हाय का पोतेरं? म्हशीची पाठ पुसली व्हय ह्यानं?" असं म्हणत ती गाठोडं सोडायची, आणि त्याच पोतेऱ्यांची अशी गोधडी करून द्यायची की नेणाऱ्याला ती पांघरायचा धीर होऊ नये. कित्येकांनी तर ती पेटीतच ठेवली.

तिची खरी ओळख म्हणजे कंगोरे. थरावर थर लावून धावदोरा घालता आला की गोधडी कोणालाही शिवता येते. पण तिच्या काठाला चारी बाजूंनी कापडाचे टोकदार त्रिकोण लावायचे, हे काम वेगळं. तळहाताएवढा चौकोनी तुकडा घ्यायचा, तो कोपऱ्यावर कोपरा ठेवून दुमडायचा, पुन्हा एकदा दुमडायचा, की एका बाजूनं तोंड उघडं असलेला त्रिकोण होतो. मग एकाचा कोपरा पुढच्याच्या तोंडात सारायचा, पुढच्याचा त्याच्या पुढच्याच्या, आणि अशी ओळ काठाभर चालवायची. टोकं सगळी एका उंचीची हवीत, आणि वळणावर ओळ मोडता कामा नये. चांगल्या चांगल्या बायका वळणावर रडकुंडीला येतात.

बाकीच्या बायकांची ओळ उजवीकडून डावीकडं चालते. धुरपताबाई डावरी. लहानपणी डाव्या हातानं घास घेते म्हणून तिनं चापट्या खाल्ल्या, उजव्या हातानं जेवायला शिकली, उजव्या हातानं हळदीकुंकू लावायला शिकली, पण सुई काही तिनं उजव्या हातात घेतली नाही. त्यामुळं तिच्या कंगोऱ्यांची ओळ उलटी, डावीकडून उजवीकडं चालायची. ढिगातून तिची गोधडी ओळखू यायची. "सही हाय माजी ती," असं ती म्हणायची. कागदावर अंगठा उठवणाऱ्या बाईनं सहीची एवढी मिजास करावी याचं तिच्या नवऱ्याला, आश्रुबाला, हसू यायचं. पण तो शहाणा माणूस होता, तिच्यासमोर हसत नसे.

शिकवायचं मात्र नाव काढायचं नाही. कोणी समोर येऊन बसलं की ती हातातलं काम मांडीखाली सारायची. "बघून काय येतंय? हाताला वळण असावं लागतंय." यातून पोटची लेकही सुटली नव्हती. साक्षी लहान असताना आईच्या पाठीला टेकून, तिच्या खांद्यावर हनुवटी ठेवून बसायची. समोर बसलं की आई हाकलते, म्हणून पाठीमागं. एकदा आई शेतात गेलेली असताना पोरीनं उशीच्या अभ्र्याला आपल्या मनानं कंगोऱ्यांची ओळ लावली. संध्याकाळी ओसरीवर शेजारपाजारच्या बायका जमल्या होत्या. त्यांच्यादेखत धुरपताबाईनं अभ्रा वर धरला, "गवऱ्या थापल्यात जणू," म्हणाली, आणि कात्री घेऊन अख्खी ओळ उसवून टाकली. बायका पोट धरून हसल्या. साक्षीनं त्यानंतर आईदेखत कधी सुई हातात धरली नाही. धुरपताबाईला यात काही वावगं वाटलं नव्हतं. तिच्या मायनं तर टाके उसवता उसवता तिच्या बोटाला सुईही टोचली होती. साक्षी पुढं शिकली, पदवी घेतली, पूर्णेला रेल्वेत असलेल्या आदिनाथशी तिचं लग्न झालं, आणि तो अभ्रा धुरपताबाईच्या डोक्यातून निघून गेला.

तिच्या डोक्यात कायम ठाण मांडून बसली होती ती बबिता.

बबिता म्हणजे धाकट्या दिराची, सितारामची बायको. माहेर सेलूचं. दोन्ही घरांत एकच भिंत. लग्न होऊन आली तेव्हा ती एवढीशी पोर होती, पण येताना सुईदोरा घेऊन आली हे चुकलं. आमच्या सेलूला असं करतेत, आमच्या सेलूला तसं करतेत, असं दर वाक्याला सेलू. तिचेही कंगोरे नीट असायचे, सरळ, एकसारखे. "मशिनीवानी हायत. जीव न्हाई त्याच्यात," असं धुरपताबाईनं गावाला सांगून ठेवलं होतं, आणि बरीच वर्षं गावानं ते ऐकलंही.

मग मोबाइल आला. बबिता आपल्या गोधड्यांचे फोटो स्टेटसला ठेवायला लागली. परभणीच्या कुण्या मास्तरीणबाईनं एक मागवली, तिच्या बहिणीनं दुसरी. एके दिवशी एक पांढरी गाडी थेट धुरपताबाईच्या ओसरीपुढं येऊन थांबली आणि आतल्या बाईनं काच खाली करून विचारलं, "गोधडीवाल्या बबिताताईंचं घर कोणतं हो?"

धुरपताबाईच्या मांडीवर त्या वेळी अर्धी शिवलेली गोधडी होती. तिनं गाडी सरळ स्टेशनाकडं पाठवून दिली. गाडी फिरून फिरून पुन्हा आली ती गोष्ट वेगळी.

त्या दिवसापासून तिचं जळणं सुरू झालं ते थांबेना. बबिताच्या घरी पाहुणे आले की हिचा घास घशाखाली उतरेना. बबिता आजारी पडली तर हिला बरं वाटायचं, आणि बरं वाटलं म्हणून दिवसभर स्वतःचाच राग यायचा, आणि तो राग पुन्हा बबितावरच निघायचा. तरी तिच्या मनाला एक आधार होता. साक्षीचं पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं होतं. बाळाचं पहिलं दुपटं आईच्या आईनं शिवायचं, आपल्या जुन्या मऊ लुगड्यांचं. ते काम काही कोणती गाडी येऊन बबिताला देऊ शकणार नव्हती. धुरपताबाईनं लुगडी धुऊन, वाळवून, घड्या घालून ठेवली होती.

दिवाळीनंतर साक्षी आली. दोन दिवस झाले, तिसऱ्या दिवशी डाळ निवडता निवडता म्हणाली, "माय, तू दुपटं शिवू नगंस."

"कामून?"

"काकूकडं टाकलंय शिवायला."

धुरपताबाईनं डाळीतला खडा उचलला, बाजूला टाकला आणि म्हणाली, "बरं." एवढंच. त्या 'बरं'नंतर तिनं निवडलेल्या डाळीत आश्रुबाला जेवताना दाताखाली खडे लागले.

"पोरीला काकूच्या हातचं आवडलं असंल," तो म्हणाला. "त्यात तुजं काय गेलं?"

"तुमाला काय कळतंय? पयलं दुपटं हाय ते. घास ती घालंल ना."

घासाचं आश्रुबालाही कळत होतं. गोधडी पुरी झाली की तिचा शेवटचा कोपरा उघडा ठेवतात. त्यात भाकरीचा वाळका तुकडा आणि चिमूटभर हळदकुंकू घालून मग कोपरा शिवून टाकतात. गोधडी उपाशी ठेवली तर पांघरणाऱ्याला झोप लागत नाही. आणि जी बाई घास घालते तिची ती गोधडी, मग त्यातले टाके कोणाचे का असेनात. म्हणजे धुरपताबाईचं पहिलं नातवंड जन्माला येऊन पहिल्यांदा झोपणार ते बबिताच्या गोधडीत. सगळं गाव येऊन बघणार, दुपट्याचा काठ हातात धरणार, आणि म्हणणार, बबिताचं का? छान झालंय हो.

रोज दुपारी जेवणं झाली की साक्षी हात पुसायची आणि जड अंगानं शेजारच्या घरात जायची. भिंतीपलीकडून हसण्याचे आवाज यायचे. धुरपताबाईला लेकीचं हसणं ओळखू यायचं, आणि माझ्यापाशी ही अशी हसत नाही, हेही कळायचं. एकदा ती विरजण मागायचं निमित्त करून गेली, तर दोघींनी घाईघाईनं पुढ्यातल्या पसाऱ्यावर चादर ओढली.

"माज्यापासून लपवायलाव व्हय?" तिनं विचारलं.

"न्हाई बाई, पसारा हाय नुसता," बबिता म्हणाली आणि विरजण आणायला उठली. साक्षी खाली मान घालून बोटं चोळत बसली. जाऊ आपल्याला घाबरते याचं सुख धुरपताबाईला त्या दिवशी मिळालं नाही. लेक जावेच्या बाजूनं चादर ओढते, एवढंच तिच्या मनात राहिलं. घरी येऊन तिनं लुगड्यांचं गाठोडं उगीचच सोडलं. त्यातलं हिरवं लुगडं नव्हतं. साक्षी पोटात असताना ती तेच नेसायची. धुऊन धुऊन ते सायीसारखं मऊ झालं होतं. उंदरांनी नेलं म्हणावं तर उंदीर घडी घालून नेत नाहीत.

आणि मग तपासणीचा दिवस आला. परभणीला दवाखान्यात जायचं होतं. धुरपताबाई सकाळपासून नवं पातळ नेसून बसली होती. साक्षी म्हणाली, "माय, तुजे गुडघे दुखायलेत. दवाखान्यात जिना हाय. काकू येईल संगं."

काकू तयारच होती, पर्स घेऊन. दोघी रिक्षात बसून गेल्या. धुरपताबाई ओसरीवर नव्या पातळात बसून राहिली. येणारेजाणारे विचारत होते, "कुठं निघालाव?" आणि ती प्रत्येकाला सांगत होती, "कुठं न्हाई."

दुपार झाली. आश्रुबा आणि सिताराम कापसाच्या वेचणीला शेतात होते. बबिताच्या दाराला नुसती कडी होती. मांजर शिरलं का बघावं, असं धुरपताबाई मोठ्यानं म्हणाली. ऐकायला कोणी नव्हतं, पण म्हणून ठेवलेलं बरं. ती कडी काढून आत गेली.

दुपटं खाटेवर चादरीखाली होतं. तिनं चादर काढली आणि आधी शत्रूचं घर बघावं तसं चारी बाजूंनी बघितलं. धावदोरा सरळ होता. थर कुठं गोळा झाला नव्हता. वळणावर ओळ मोडली नव्हती. तिनं खोट शोधली, डोळे बारीक करून शोधली, आणि सापडेना तसतसा तिचा जीव घाबरा व्हायला लागला. एवढं चांगलं बबिताला येतं? कधीपासून? शेवटी तिला एक कोपरा उघडा दिसला. "बघा! कोपरा मिटवायचंबी भान न्हाई," ती म्हणाली आणि जरा हुशारली. घास बारशाच्या दिवशी मिरवून घालायचा असणार, सगळ्या बायकांदेखत. सेलूची पद्धत.

मग तिचं लक्ष कापडाकडं गेलं. काठाचे सगळे त्रिकोण हिरवे होते. तिच्याच लुगड्याचे. लेकीनं आईचं लुगडं उचलून काकूला नेऊन दिलं होतं, आणि काकूनं ते कापलं होतं.

खुंटीला कात्री लटकत होती. आपण ती कधी घेतली हे धुरपताबाईला पुढं कधीच आठवलं नाही. एकच टाका तोडायचा, असं तिच्या मनात होतं. एक टाका तुटला की एक त्रिकोण लोंबेल, बारशात कोणाच्या तरी नजरेला येईल, कोणीतरी म्हणेल, धुरपताबाईचं असतं तर असं झालं नसतं. एवढ्यानं तिचं भागलं असतं. तिनं टाका तोडला, त्रिकोण ओढला, त्याच्या तोंडातून दुसऱ्याचा कोपरा निघाला, तोही ओढला.

आणि तिचा हात थबकला. दुसऱ्या बाईची ओळ उसवताना तिचा डावा हात नेहमी अडायचा, कारण ती उलट्या बाजूनं उलगडायची. हा हात अडला नव्हता. ओळ तिच्या हाताला आपसूक सुटत होती. तिनं दुपटं दारातल्या उजेडात नेलं. कंगोरे डावीकडून उजवीकडं चालले होते.

तिची सही होती ती.

"चोरटी!" ती ओरडली. एवढी वर्षं आमचं सेलू, आमचं सेलू, आणि चोरला तो माझा हात! माझ्या समोर बसून, माझा चहा पिऊन! आता एका टाक्याचा प्रश्नच उरला नाही. ती उंबऱ्यात बसली आणि एक अख्खी बाजू उसवून काढली. हिरवे त्रिकोण तिच्या नव्या पातळावर पडत गेले. इतक्या दिवसांत तिला एवढं मोकळं वाटलं नव्हतं.

रिक्षा कधी आली ते तिला कळलंच नाही. बबिता दारात उभी होती.

"बाई! काय करायलात हे?"

"माजं मी परत घ्यायलेय," धुरपताबाई म्हणाली. "लाज कशी न्हाई वाटली गं तुला? सेलूची कला म्हणून मिरवतीस, आन हात माजा चोरतीस? हे बघ, ही ओळ बघ. पिंगळीत अशी ओळ लावणारी दुसरी कोण हाय, सांग की!"

बबिता खाली बसली. तिचा चेहरा उतरला होता, पण चोरी पकडल्यासारखा नव्हता; कोणी गेल्याचं कळल्यावर होतो तसा होता. तिनं पुढ्यातला एक हिरवा तुकडा उचलला, दुमडला, पुन्हा दुमडला. दुसरा घेतला. त्याचाही त्रिकोण केला आणि पहिला त्याच्यात सारला. तिसरा केला. ओळ उजवीकडून डावीकडं निघाली.

"मला असं येतंय, बाई," ती म्हणाली. "खोटं कशाला बोलू? तुमच्या म्होरं बसून मी लय येळा चोरून बघितलं. तुमचं बघून मी बी जळायची. घरी येऊन तसं करायला बघायची. पण म्होरून बघितलं की आरशावानी फिरून माज्या हातात सुलटंच येतंय. तुमचं उलटं मला एकदाबी जमलं न्हाई."

"मग हे कोणी केलं?"

विचारता विचारताच धुरपताबाईला उमगायला लागलं. समोर बसून शिकलं की ओळ फिरते. ती जशीच्या तशी हातात यायची तर शिवणारीच्या पाठीमागं बसावं लागतं, तिच्या खांद्यावरून, तिच्याच नजरेनं बघावं लागतं. आणि धुरपताबाईच्या पाठीमागं उभ्या आयुष्यात एकच जण बसलं होतं. आपल्या डाव्या खांद्यावर तिला एकदम एका लहान हनुवटीचं ओझं आठवलं.

"काकू, पाणी दे गं," म्हणत साक्षी दारात आली. तिनं आईला बघितलं, आईच्या मांडीवरचं दुपटं बघितलं, हातातली कात्री बघितली. भिंतीला हात टेकून ती उभी राहिली.

"उसवलंस?" ती म्हणाली. मग पातळावर पडलेल्या त्रिकोणांकडं बघत, "दुसऱ्यांदा."

धुरपताबाईला तो अभ्रा आठवला. त्याचा रंगसुद्धा आठवला. "मला वाटलं, हे बबितानं केलंय," ती म्हणाली.

"काकूनं केलेलं असतं तर उसवायचं व्हय?"

धुरपताबाईनं कात्री खाली ठेवली.

बबिताच मध्ये बोलली. "बाई, मी नुसते मधले धावदोरे घातलेत. कंगोरे सगळे तिचे. मला सांगून ठेवलं व्हतं तिनं, मायला कळू देऊ नगंस. बारशादिवशी तुमच्या हातात द्यायचं व्हतं. तो कोपरा तिनं तुमच्यासाठीच उघडा ठेवलाय. घास मायनंच घालायचा, म्हणली."

"ऱ्हाऊ दे काकू," साक्षी म्हणाली. तिच्या डोळ्यांत पाणी नव्हतं. असतं तर धुरपताबाईला सोपं गेलं असतं. "आता तूच लाव, माय. तुज्या हाताला वळण हाय."

सुई दुपट्यातच टोचलेली होती, दोरा ओवलेला होता. धुरपताबाईनं एक त्रिकोण उचलला आणि काठाला धरला. तासाभराचं काम. ओळ तिचीच होती, लुगडं तिचंच होतं. एक बाजू तिनं लावली असती तर कुठं लेकीचा हात संपतो आणि कुठं तिचा सुरू होतो हे गावात कोणाला सांगता आलं नसतं. बबिताचं नाव तर आता कुठंच नव्हतं. पहिलं दुपटं तिच्या मांडीवर होतं, सगळं तिला हवं होतं तसं. महिनाभर ती याचसाठी जळली होती.

तिनं काठावर उरलेल्या तीन बाजूंकडं बघितलं. आता खोट शोधायची नव्हती, म्हणून तिला नीट दिसलं. टोकं सुईसारखी होती. टाके इतके बारीक की बोट फिरवलं तरी लागत नव्हते. धुरपताबाईनं आपला त्रिकोण त्यांच्या शेजारी धरला, आणि तो तिला पहिल्यांदाच जरा बोथट वाटला. छातीत कळ आली. बबिताकडं गाडी आली तेव्हा आली होती तशीच, तीच. पोटच्या पोरीवरही आपण जळतोय हे कळून ती स्वतःलाच घाबरली.

तिनं सुई परत दुपट्यात टोचली. "न्हाई," ती म्हणाली. "मी लावलं तर येगळं दिसंल."

"कसं येगळं दिसंल? तुजंच बघून शिकले की."

"दिसंल." ती उठली. गुडघे कडाडले. पदरात त्रिकोण गोळा करून तिनं ते खाटेशी आणले, दुपटं खाली अंथरलं. "बस हितं. तूच लाव. मी देती एक एक."

साक्षी लगेच बसली नाही. बबितानं आणलेलं पाणी तिनं सावकाश प्यायलं, तांब्या खाली ठेवला, आईकडं न बघता खाली टेकली आणि सुई घेतली. धुरपताबाई समोर बसायला निघाली होती. ती थांबली, वळसा घालून लेकीच्या पाठीमागं गेली आणि तिथं बसली. साक्षीनं हात मागं केला. धुरपताबाईनं त्यात पहिला त्रिकोण ठेवला.

लेकीच्या खांद्यावरून तिला सगळं दिसत होतं. सुई कापडात शिरत होती, बाहेर येत होती, आणि टाका दिसतसुद्धा नव्हता. बबिता भिंतीला टेकून बघत होती. तिच्यादेखत बोलावं लागणार होतं. अभ्रा उसवला त्या वेळीही बायकांदेखतच बोलली होती ती.

"माज्याहून बारीक हाय गं तुजा टाका," ती शेवटी म्हणाली. "टोकबी माज्याहून सरळ हाय."

साक्षीचा हात जागच्या जागी थांबला. मग पुन्हा चालायला लागला. ओळ वळणापाशी आली आणि न मोडता वळली.

"भाकरीचा तुकडा आणू का घरून?" धुरपताबाईनं विचारलं. "कोपऱ्याला?"

"आधी हे होऊ दे," साक्षी मागं न बघता म्हणाली. "घासाचं मंग बघू."

साक्षीनं पुन्हा हात मागं केला, आणि धुरपताबाईनं पुढचा त्रिकोण दिला.